मधाच्या रंगाची विहीर

तुम्ही काय काम करायचात, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, दगड धुवायचे. समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबतो. माझ्या सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून कंपनीत जाते," आणि कसली कंपनी ते विचारायच्या आत चहाचा कप पुढे करायच्या. त्यांच्या हयातीत त्यांना माझं काम पटलं नाही. पण फडताळात मी ठेवलेला पांढरा खडा मात्र त्या रोज पदराने पुसायच्या.

आमची शेड आटगाव स्टेशनपासून थोडी आत होती. मालक वसंतदादा, शहापूरचेच. ते पूर्वी खडीचा ट्रक चालवायचे. खडी भरताना दगडात चमकणारी फुलं वेचायची सवय लागली आणि त्या सवयीचाच पुढे धंदा झाला. आपल्याकडचा काळा दगड फोडला की आत कधीकधी पोकळी निघते, आणि त्या पोकळीच्या भिंतीवर स्फटिक उगवलेले असतात. पांढरे, हिरवट, फिकट गुलाबी. ते न मोडता काढायचे, धुवायचे, बांधायचे आणि हौशी लोकांना, संग्रहालयांना पाठवायचे, हा आमचा व्यवसाय. गावात या सगळ्याला एकच शब्द, गारगोटी. आम्ही शेडमधल्या बायकांनी त्यातल्या जाती ओळखायला शिकून घेतल्या, तांदळाच्या जाती ओळखतो तशा.

त्यातला माझा लाडका कॅल्साइट. नाव परदेशी वाटतं, पण वस्तू घरातलीच आहे. पानाला लावतो तो चुना, अंड्याचं कवच, पाणी उकळून उकळून पातेल्याच्या बुडाला धरतो तो पांढरा थर, ही सगळी त्याची भावकी. फार फार पूर्वी आपल्या इथे जमिनीतून तापलेला रस वाहिला आणि थिजला, त्याचा काळा दगड झाला. भाकरी फुगताना पापुद्र्यात हवा राहते तशी त्या रसात हवा अडकली, त्या झाल्या पोकळ्या. नंतर भेगांमधून चुन्याचं गरम पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीत थेंबाथेंबाने कॅल्साइट धरत गेला. शुद्ध असेल तर काचेसारखा. त्यात लोखंडाचा अंश मिसळला की पिवळा, मधासारखा, कधी शेंदरी. दुसरं काही मिसळलं तर गुलाबी.

दिसायला इतका देखणा आणि स्वभावाने तितकाच नाजूक. नखाने ओरखडा उठत नाही, पण तांब्याच्या नाण्याने उठतो. हातातून पडला की वेडावाकडा फुटत नाही, तिरप्या विटेसारखा फुटतो, आणि तो तुकडा पुन्हा फुटला तरी पुन्हा तिरपी वीटच. त्याच्या स्वच्छ तुकड्याखाली वर्तमानपत्र ठेवलं तर प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. शेडमध्ये नवी बाई आली की आम्ही तिला हा खेळ दाखवायचो. एकीने तर स्वतःच्या लग्नाच्या फोटोवर तुकडा ठेवला आणि ओरडली, "अगं बाय, दोन नवरे! मला एकच झेपत नाय."

कॅल्साइटचा वैरी म्हणजे आंबट. लिंबू, चिंच, व्हिनेगर, ताक, काहीही लागलं की तो फसफसतो आणि झिजतो. खऱ्या गारगोटीच्या जातीचे दगड आम्ही तेजाबात बुडवायचो, त्यांना काही होत नसे. कॅल्साइटला मात्र साधं पाणी, मऊ ब्रश आणि सावली. तापलेलंही चालत नाही आणि एकदम गारही नाही.

हे सगळं आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो, पण गिऱ्हाइकं ऐकतीलच असं नाही. डोंबिवलीचे एक काका होते. निवृत्त, नेटके, बोलायला गोड. मधाच्या रंगाचा एक सुरेख खडा त्यांनी पत्नीच्या वाढदिवसाला नेला. काही महिन्यांनी तो कागदात गुंडाळून परत घेऊन आले.

"बाई, याचं तेज गेलं हो. माझ्याच हातून काही चुकलं का?"

मी खडा उजेडात धरला. कडा बोथट झालेल्या, अंगावर पांढरट साय.

"काका, याला काय लावलंत?"

"काही नाही. हिने देव्हाऱ्यात ठेवलाय. दर शुक्रवारी दही घालून अभिषेक करतो."

बाजूला बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसू दाबत होत्या. मी म्हटलं, "काका, याला दह्याचा नैवेद्य दाखवा, आंघोळ नका घालू."

काका क्षणभर गोंधळले आणि मग इतके मोकळे हसले की शेवटी आम्हीही तोंडावरचा पदर सोडला. दादांनी त्यांना दुसरा खडा देऊ केला, तर म्हणाले, "नको हो. हिने याला नाव ठेवलंय, आता बदलता कसा येईल?" तोच निस्तेज खडा छातीशी धरून ते परत गेले. त्यानंतर दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "दही बंद आहे बरं का."

असे किस्से पुष्कळ आहेत. पण या अंकासाठी लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती मुरबाडकडची विहीर.

वैशाख होता. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीत सरकारी योजनेतून विहीर खोदायचं काम चालू होतं. वाडीतल्या बायका उन्हाळाभर खालच्या ओढ्यातल्या डबक्यावरून पाणी आणायच्या, डोक्यावर दोन हंडे आणि पायाखाली तापलेली चढण. विहीर कमरेच्या वर, मग डोक्याच्या वर, मग दोन पुरुष खोल गेली. पाणी नाही, नुसता काळा पाषाण. एके दिवशी सुरुंगाचा दगड उपसल्यावर यारीवाल्या गणपतला भिंतीत एक भोक दिसलं. दगडमाती वर खेचायचं यंत्र म्हणजे यारी, ती चालवायचं त्याचं काम. त्याने भोकात बॅटरी मारली आणि दादांना फोन लावला. इतकंच म्हणाला, "दादा, आत मध गोठलाय."

दादांनी मला गाडीत बसवलं. मी अंगाने किरकोळ आणि माझा हात हलका, म्हणून अडचणीच्या जागी नेहमी मीच. किन्हवली, सरळगाव, मुरबाड, म्हसा, दादा वाटेत कुठे चहालाही थांबले नाहीत.

विहिरीच्या काठावर वाडीतल्या बायका आमची वाटच बघत उभ्या होत्या. पुढे जानकी. चाळिशीची, काटक, कमरेला पदर खोचलेला. विहिरीसाठी पंचायतीत तीच चपला झिजवत आली होती.

"दगड बघायला आलात?" तिने विचारलं.

"हो ताई," दादा म्हणाले. "जरा काम थांबवावं लागेल. दहा-पंधरा दिवस."

"उद्या सुरुंग हाय. पाऊस यायच्या आत पाणी लागाया पायजे, नायतर कडा ढासळंल न सगळी मेहनत मातीत जाईल. तुमचा दगड किती वर्सांचा म्हनं?"

"कोट्यवधी वर्षांचा."

"मंग तो आनखी थांबंल. आमी नाय थांबायच्या."

बायका हसल्या. दादाही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "तो थांबेल ताई, पण सुरुंग लागला तर त्याचा चुरा होईल. असा रंग मी जन्मात पाहिला नाही."

"न आमी जन्मात घरच्या पान्यानं न्हालो नाय," जानकी म्हणाली.

दोघांचंही खरं होतं. मग जानकीच विहिरीकडे बघत म्हणाली, "बिनसुरुंगानं खोदा मंग. छिन्नीनं, पहारीनं. तुमचा दगड निघंल न आमची विहीर बी खाली जाईल. पर काम एक दिस बी बंद पडाचं नाय."

संध्याकाळी वाडी जमली, पंचायतीतले लोकही आले. ठरलं ते असं. सुरुंग पुढे ढकलायचा, हातांनी फोडायचं, माणसं दादांनी आणायची. दगडाचं जे येईल त्यात वाडीचा वाटा, आणि तो विहिरीच्या बांधकामालाच लागायचा. दुसऱ्या दिवशी दादांनी शेडला कुलूप घातलं आणि आम्हा सगळ्या बायकांना जीपमध्ये कोंबून वाडीवर आणलं. सोबत भाताच्या तुसाची पोती, पेंढा, जुन्या सुती साड्या.

पहिल्यांदा मी आत शिरले तेव्हाची गोष्ट. उभ्या बैलगाडीखाली माणूस निजतो, तेवढी ती पोकळी. तळाशी ओली लाल माती साचलेली, म्हणून अंग टाकता आलं. मी उताणी सरकत आत गेले आणि बॅटरी लावली. छतभर, भिंतभर, पांढऱ्या बारीक स्फटिकांच्या गालिच्यावर मधाच्या रंगाचे खडे. काही बोटाएवढे, काही मुठीएवढे, आणि अगदी आत एक नारळापेक्षा मोठा, दोन्ही अंगांनी निमुळता, एवढासाही टवका न उडालेला. इतकी वर्षं हे काम करून मला वाटायचं की आपल्याला आता नवल वाटणं संपलं. मी आत पडून रडत होते. बाहेरून दादा ओरडत होते, "वनिता, काय आहे? अगं, बोल ना!"

मी म्हटलं, "दादा, जरा गप्प बसा."

मातीत गळून पडलेला एक सुटा खडा मी बाहेर दिला. दादांनी तो हातात घेतला आणि आनंदाच्या भरात तसेच शिडीने वर चढले. भर दुपारच्या उन्हात सगळ्यांना दाखवायला त्यांनी तो उंच धरला. 'टिक्' असा आवाज झाला आणि खडा मधोमध चिरला. किती काळ तो गारव्यात राहिला होता, एकदम वैशाखातलं ऊन त्याला सोसलं नाही. आम्हा बायकांना हे रोज बजावणारे दादाच ते. दोन तुकडे हातात घेऊन ते काठावर मटकन बसले. जानकीने त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं, ओढ्यावरचं.

"बाळंतिणीच्या पोराला आसं कोन उन्हात नेतंय?" ती म्हणाली. "माझ्या घरात ठेवा. आतली खोली काळोखी हाय न गार बी."

तेव्हापासून आमची रीत ठरली. खडा निघाला की पोकळीतच ओल्या साडीत गुंडाळायचा, वर ओलं गोणपाट, यारीच्या बादलीत तुसावर बसवून वर. मग जानकीच्या सारवलेल्या खोलीत ठेवून हळूहळू सुकू द्यायचा. वाडीतल्या बायका हे इतक्या सफाईने शिकल्या की आमच्या शेडमधल्या बायका मागे पडायला लागल्या. दिवसभर विहिरीतून छिन्नीचा ठकठक आवाज आणि वरून गाणी. पुरुष तळ फोडत होते, आम्ही पोकळी रिकामी करत होतो, काम एक दिवसही थांबलं नाही.

पण मोठ्या खड्याला हात लावायच्या आधी जानकीने मला अडवलं.

"ताई, ह्यो काढाया आधी वाडीनं बघाया पायजे. आमच्या जमिनीत व्हता न आमालाच ठाव नाय. तुमी नेला की संपला."

दादांना घाई होती, तरी ते हो म्हणाले. अडचण उजेडाची होती. बॅटरीचा उजेड पांढरा फटक, त्यात रंग मरतो. उपाय जानकीच्या सासूने काढला. वैशाखात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ऊन थेट विहिरीच्या तळाला उतरतं. म्हातारी म्हणाली, "परात आना." स्टीलची चकचकीत परात. ती तळावर तिरकी धरली आणि उन्हाचा झोत सरळ पोकळीत गेला. खडे अजून भिंतीच्या गारव्यात होते आणि झोत एका जागी ठेवायचा नाही असं मी बजावलं, म्हणून तडकायची भीती नव्हती.

काय सांगू तुम्हाला! अख्खी पोकळी पेटली. ऊन खड्यांच्या आत शिरलं आणि आतूनच बाहेर यायला लागलं. भिंत पिवळी, आमचे चेहरे पिवळे, परात धरणाऱ्या बाईचे हातसुद्धा मधात बुडवून काढल्यासारखे. वरच्या बायकांत कुणीतरी टाळी वाजवली.

एकेक करून वाडी खाली उतरली. धडधाकट माणसं शिडीने उतरली, म्हाताऱ्या माणसांना गणपतने यारीच्या बादलीत बसवून, पोटाला दोर बांधून, फुलासारखं अलगद उतरवलं. ऊन सरकलं की परात सरकायची. दुसऱ्या दिवशी राहिलेल्यांचा नंबर. एक आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमी वर उन्हात मरत व्हतो, न खाली ह्यो थाट!" जानकीची सासू सगळ्यांच्या शेवटी उतरली. तिने लांबून हात जोडले आणि मला विचारलं, "पोरी, हात लावला तर चालंल?" मी तिचं बोट धरून एका खड्यावर टेकवलं. ती हसली. तोंडात एकही दात नव्हता. मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांत तसं हसणारं कुणी नव्हतं.

मग मोठा खडा. त्याच्या मागचा काळा दगड पोखरायचा, खड्याला हत्यार लावायचं नाही. एक चुकीचा ठोका आणि त्याच्या तिरप्या विटा. मी आत उताणी पडून सायकलच्या तारेने आणि बारीक छिन्नीने कोरत होते, जानकी पायाशी बसून माती ओढत होती. दोन दिवस गेले. हात भरून यायचे, डोळ्यांत माती. तिसऱ्या दिवशी मागच्या दगडाने आवाज बदलला. ठोक्याला पोकळ नाद येऊ लागला. मी छातीवर तुसाची उशी ठेवली आणि खालून दोन्ही हात लावले. खडा सुटला आणि माझ्या छातीवर येऊन बसला, तान्ह्या लेकरासारखा जड, गार.

आणि त्याच क्षणी माझ्या मानेखालून काहीतरी थंडगार सरपटलं.

"साप! जानके, साप!" मी किंचाळले. हात खड्यावर, हलता येईना. जानकीने माझे पाय धरले आणि खड्यासकट मला खस्सकन बाहेर ओढलं. बॅटरी मारली. साप नव्हता. खडा जिथे धरला होता त्याच्या मागे एक भेग होती आणि तिच्यातून पाण्याची धार माझ्या पाठीखाली येत होती. ज्या वाटेने एके काळी चुन्याचं पाणी आलं, ती वाट बुजलेली नव्हती.

जानकीने ओंजळ लावली, चूळ भरली, मग एक घोट घेतला.

"कसं आहे गं?" मी विचारलं.

"गोड हाय," ती म्हणाली आणि विहिरीच्या तळात उभी राहून वर बघत ओरडली, "गोड हाय!"

वर जो कल्ला झाला! गणपतने यारीचं इंजिन उगाचच चालू करून ठेवलं, तोच त्याचा बँडबाजा. मी खडा कवटाळून चिखलात बसले होते आणि मला उठवायचं कुणाला सुचत नव्हतं.

पुढच्या दिवसांत धार वाढत गेली. पुरुषांनी तळ आणखी खाली नेला, आम्ही उरलेले खडे भराभर काढले. बाजूच्या भिंतीवर पोकळीची एक किनार तेवढी राहिली, सुपाएवढा पांढरा गालिचा आणि त्यावर मधाच्या खड्यांची दाटी. दादा छिन्नी घेऊन उतरले, तर जानकी आडवी आली.

"त्यो ऱ्हाऊ द्या, दादा. विहिरीचा हाय त्यो."

मला राहवलं नाही. "अगं, पाण्यात बुडेल तो. पावसाच्या पाण्याने झिजेल, शेवाळ धरेल. हा दगड असा ठेवत नाहीत."

"माणूस बी झिजतोय, ताई. त्याला काय कपाटात ठेवताव?"

दादांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. छिन्नी खिशात घातली आणि गवंड्याला सांगितलं, तेवढी जागा सोडून बांध.

मोठा खडा पुढे परदेशातल्या एका संग्रहालयात गेला. खाली चिठ्ठीवर काय लिहायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा दादांनी वाडीचं नाव कळवलं. जिल्हा नाही, तालुका नाही, आधी वाडी. त्याचा फोटो आला तो शेडमध्ये लावला होता. पण मला तो काही ओळखीचा वाटला नाही. काचेत, पांढऱ्या दिव्याखाली, एकटाच.

आता गुडघे बोलतात, मी घरीच असते. दादांनी शेड मुलीकडे सोपवली, ती नव्या यंत्रांनी काम करते, चांगलं करते. मी वाडीवर वर्षातून एकदा तरी जाते. विहिरीतला तो दगड आता धंद्याच्या नजरेने बघितला तर फुकट गेला. तेज उतरलंय, कडा गोल झाल्यात, वर पाण्याच्या रेघा. बघून मन थोडं खट्टू होतं, खोटं कशाला सांगू.

पण वाडीने त्याला कामाला लावलंय. पावसात विहीर भरली की तो बुडतो. उन्हाळ्यात पाणी उतरत उतरत त्याच्या खाली गेलं की काठावरून पिवळा डाग दिसायला लागतो. मग एकीकडून दुसरीकडे निरोप जातो, 'सोनं दिसलं.' त्या दिवसापासून कपडे ओढ्यावर, विहिरीचं पाणी फक्त पिण्याला आणि चुलीला. कुणाला सांगावं लागत नाही, कुणी भांडत नाही.

मागच्या दोन वर्षांत वाडीने पावसाचं पाणी जिरावं म्हणून वरच्या उतारावर चर खणले, झाडं लावली. यंदा वैशाख सरता सरता जानकीचा फोन आला. मागे बायकांचा गलका, हंड्यांचा आवाज. मला वाटलं काही बरंवाईट झालं.

"काय गं, काय झालं?"

"ताई," ती ओरडली, "यंदा सोनं दिसलंच नाय!"